काल्याचं नाटक आणि माई

आमच्या फोंडा तालुक्यातल्या गावी कालोत्सवाच्या, म्हणजे देवळाच्या वार्षिक काल्याच्या, रात्री मंडळाचं मराठी नाटक असतं. पालखी देवळात परतली की मध्यरात्रीनंतर कधीतरी पडदा वर जातो आणि संपेपर्यंत फटफटतं. दुसऱ्या दिवशी गाव नटांबद्दल बोलतो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र येते माई, माझी आजी. नव्वदी ओलांडून गेली, पण रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही.

तिचा काला महिनाभर आधीच सुरू व्हायचा. मंडळाला खोली नव्हती, म्हणून तालमी आमच्या सोप्यावर. दिवसभर बागायतीत राबून आलेली माणसं रात्री पदं घोकायची. "गळो सुकला तुजो, आदीं चाय घे," म्हणत माई तालीम थांबवायची. दिग्दर्शकाला हे आवडायचं नाही, पण चहा तोही घ्यायचा! उशीर झाला तर उकड्या तांदळाची पेज आणि चेपणीचं तोर, म्हणजे मिठात मुरलेली कैरी.

तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करत. लुगडी माईच्या पेटीतली, नेसवायचीही तीच. एका वर्षी आमचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, द्रौपदी झाला होता. भला दांडगा गडी, निऱ्यांत पाय अडकून दर चार पावलांना धडपडायचा. माई आतून ओरडायची, "पावलां ल्हान घाल रे, माडार चडना तूं!" आजोबा कुरकुरले, बायकांची लुगडी पुरुषांना कसली देतेस. माईचं उत्तर तयार होतं: "मंगेशीचे दीनानाथ मंगेशकरही लुगडं नेसायचे, त्यांना कोण हसलं होतं?" पुढे आजोबाच पेटी उचलून सोप्यावर आणून ठेवायचे.

तिचं माहेर गोव्याच्या सीमेपलीकडच्या बांद्याचं. लग्न होऊन ती पोर्तुगिजांच्या मुलखात आली, तरी दर काल्याला भाऊ यायचा. 1955 साली भारताने नाकेबंदी केली, सीमा बंद झाली आणि हाकेच्या अंतरावरचं माहेर तुटलं. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, त्यानंतरच्या काल्याला भाऊ पुन्हा आला. त्या रात्री नाटक कुठलं होतं, हे तिला कधीच सांगता आलं नाही. भाऊ कुठल्या खांबाला टेकून बसला होता, ते मात्र पक्कं ठाऊक होतं.

शाळा तिने पाहिली नव्हती. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या, धाकटी आत्या पहिलीत गेली आणि तिच्या पाटीवर माईनेही अक्षरं गिरवली. मग चुलीपाशी बसून नाटकाची बाडं वाचायची. ऐकून ऐकून अर्धं पाठ असायचंच.

एकदा राजाचं काम करणारा गृहस्थ ऐन दरबारात अडला. विंगेतल्या प्रॉम्प्टरला डुलकी लागलेली. पहिल्या रांगेतून माईने पुढचं वाक्य खणखणीत आवाजात टाकलं. राजाने ते उचललं, वर तिला मुजराही केला. मांडव हसून लोळला. पुढच्या वर्षापासून तिची खुर्ची विंगेच्या अगदी जवळ मांडली जाऊ लागली.

आता स्त्रीभूमिका मुलीच करतात, कपडेपट भाड्याने येतो. माई गेल्यावर मंडळाने तिच्या नावाने ढाल ठेवायचं ठरवलं होतं. बाबा म्हणाले, ढाल नको, तालमीचा चहा आमच्याकडून राहू दे. त्यावर शेजारच्या काकी अडून बसल्या: माई गेली म्हणून चहाचा मान काय फक्त तुमच्याच घराचा? बरीच हुज्जत झाली. शेवटी वार वाटून घेतले, सोमवार ते बुधवार आमचे. बाकीचे काकींचे, आणि त्यांच्या वारी चहाबरोबर भजीही असतात, त्यामुळे नट त्याच दिवशी वेळेवर येतात.