निरीक्षण-वही: त्रेचाळिसाव्या महिन्याचा छडा लागला

निरीक्षण-वही म्हणजे माझ्या निरीक्षणांच्या नोंदी ठेवणारा माझा प्रोग्राम. मागच्या वेळी लिहिलं होतं की आता त्याचे फक्त आलेख काढायचे राहिलेत. ते अजून तसेच आहेत. नोंदी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये आहेत. महिनावार क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालवली आणि २१४ नोंदींपैकी १७२ नोंदींना त्याच्या तारीख वाचणाऱ्या डेट फंक्शनने नल, म्हणजे ‘उत्तर नाही’, असं दिलं.

तीन संध्याकाळी टाइमझोनच्या मागे गेल्या. शेवटी आलेख बाजूला ठेवून ओळी एकेक करून वाचायला बसलो. तारीख २०२४-४३-१९, शेजारच्या रकान्यात वेळ २१:४३. पुढची ओळ २०२४-०७-२०, वेळ २२:०७. महिन्याच्या जागी मिनिटं! पहिली निदान डोळ्यांत खुपते. दुसरी जुलै म्हणून बिनबोभाट मोजली जात होती. अशा ४२ आहेत आणि मला त्यांचीच जास्त धास्ती वाटते.

कारण एका अक्षराचं. तारीख कशी लिहायची ते अक्षरांनी सांगतात, तो फॉरमॅट. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या फॉरमॅटमध्ये मोठा एम म्हणजे महिना, छोटा म्हणजे मिनिटं. पायथन या दुसऱ्या भाषेच्या एसटीआरएफटाइम या तारीख लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये नेमकं उलट. कोड जावातून पायथनमध्ये आणताना मोठा एम तसाच राहिला. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा टाइपच नाही, ती साधा मजकूर म्हणून साठते, त्यामुळे एररही आली नाही.

फॉरमॅट स्ट्रिंग आता काढूनच टाकली: पायथनचा तयार आयसोफॉरमॅट वापरायचा, तो वर्ष-महिना-दिवस असं स्वतःच लिहितो, आणि क्वेरीत तारखेच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून ती वेगळी द्यायची. डेट ऑब्जेक्ट थेट देत नाही, कारण पायथन ३.१२ पासून तो आपोआप मजकुरात बदलून देणारे अडॅप्टर डेप्रिकेट झालेत, म्हणजे ते वापरू नका असं सांगितलंय.

नव्या टेबलात चेकही, म्हणजे नोंद आत घेण्याआधी तपासायची अटही, घातली: रकाना आणि त्यावर डेट फंक्शन लावून येणारं उत्तर सारखंच हवं. बरोबरचं चिन्ह वापरलं तर ४३ वाला महिना खुशाल आत! तुलनेचं उत्तर नल येतं आणि चेक नलला अडवत नाही. त्या जागी ‘इज’ लिहिलं, त्याचं उत्तर नल न येता सरळ हो किंवा नाही येतं, आणि नोंद दारातच अडली. तो एरर मी दोनदा वाचला, इतका आनंद झाला. ०७ वाली नोंद मात्र यातूनही सुटते. तिथे आयसोफॉरमॅटचाच आधार.

राहिले हरवलेले महिने. चंद्राच्या कलेवरून ओळखता येतील असं वाटलं होतं, पण चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे लागोपाठच्या महिन्यांत एकाच तारखेची कला जेमतेम एक-दोन दिवसांनी सरकते. माझ्या ढोबळ नोंदींना तेवढा फरक पेलत नाही. मग आयडीच्या (नोंदीच्या अनुक्रमांकाच्या) क्रमाने दिवस पाहिले: २७, २९ आणि पुढे ३, म्हणजे महिना बदलला. मध्ये एखादा महिना कोरा गेला असेल तर हेही फसणार.

हे लिहितानाच सुचलं, फोटोंच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठवलेल्या माहितीत, तारखा आहेतच की! आधी तेच करतो. फक्त तिथे वर्ष, महिना, दिवस यांच्यामध्ये कोलन असतात आणि डेट फंक्शन त्यालाही नलच देतं. ते कोलन बदलूनच पुढे जायचं.