झिपऱ्याचा स्कर्ट कोरडा झाला, पण अंघोळीने नाही

मंडळी, आधी बातमी. माझ्या झिपऱ्या नावाच्या गिनी पिगचा मागचा भाग कोरडा आहे. भर पावसाळ्यात, आणि जास्तीची एकही अंघोळ न घालता. हात फिरवला की केस सुटे लागतात आणि वास येतो तो गवताचा. मागच्या अपडेटमध्ये त्याच्या स्कर्टचे, म्हणजे मागच्या लांब केसांचे, फोटो टाकले होते, पिवळट, चिकट, टोकांना गुठळ्या झालेल्या केसांचे. ते ज्यांनी पाहिलेत त्यांना कळेल मी एवढी खूश का आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: झिपऱ्या शेल्टी या लांब केसांच्या जातीचा मिक्स बोअर, म्हणजे नर, मागचे केस जमिनीला टेकणारे. मुरमुऱ्या आखूड केसांचा. दोघं एकाच पिंजऱ्यात, खाणं एक, पाणी एक. मुरमुऱ्याला या सगळ्यात काहीच त्रास नव्हता आणि शेवटी धागा सापडला तो त्यातूनच.

प्रकार असा चालला होता की बट बाथ दिला, म्हणजे फक्त मागचा भाग धुतला, नीट वाळवलं, की एक-दोन दिवस छान. मग पुन्हा ओल, पुन्हा चिकटपणा. काहींनी सुचवलं तसं अंघोळी वाढवणं मला पटत नव्हतं. वारंवार धुतल्याने यांच्या कातडीचं तेल निघून जातं, ती कोरडी पडते, खाज सुरू होते, शिवाय गारठा बसण्याची भीती. आखूड केसांच्या पिगला वर्षात एखाददुसरी अंघोळ पुष्कळ झाली. लांब केसवाल्यांचा महिन्याकाठी फक्त मागचा भाग धुवावा, तोही बोटाच्या पेराएवढ्या कोमट पाण्यात. पण ओल तशीच ठेवून देणंही शक्य नव्हतं. पावसाळ्यात माश्या अशाच ओल्या, घाण झालेल्या केसांत अंडी घालतात. अळ्या पडल्या तर त्या बघता बघता कातडी पोखरतात आणि जनावर हातचं जातं. म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ दोघांनाही उलटं धरून बघते. पावसाळाभर तुम्हीही बघा.

पहिली शंका अर्थात आजाराची. मूत्राशयात खडा असला, स्लज, म्हणजे गाळ, साचलं असलं, तर लघवी थेंबथेंब गळत राहते आणि मागचा भाग कायम ओला दिसतो. एक्स-रे झाला, लघवी तपासली, दोन्ही साफ. ही पायरी कुणीही गाळू नका. आणि डॉक्टर एक्झॉटिक्स, म्हणजे कुत्र्या-मांजरांपलीकडचे पाळीव प्राणी, बघणारेच शोधा. कुत्र्या-मांजरांना सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन गिनी पिगला तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि पिग दगावू शकतो. औषधाचं नाव विचारल्याशिवाय बाटली घरी आणायची नाही, हा माझा नियम आहे.

दुसरी शंका ग्रीस ग्लँडची. पाठीच्या शेवटी, जिथे शेपूट असती तिथे ही ग्रंथी असते आणि बोअरमध्ये ती जोरात चालते. झिपऱ्याच्या ग्रंथीवर मेणचट, तपकिरी थर जमला होता. शाम्पूने तो हलत नाही. खोबरेल तेल चोळलं, थोडा वेळ मुरू दिलं, मग कापसाने हलक्या हाताने टिपलं. थर मऊ होऊन कापसावर आला आणि खालची कातडी गुलाबी, निरोगी निघाली. उरलेलं तेल काढायला भांड्यांच्या सौम्य लिक्विडचा एक थेंब पाण्यात. मला तर ही स्वतंत्र विजयाची बाब वाटली! चिकटपणा निम्म्याने गेला. पण ओल राहिलीच.

मग एकदा दोघांना शेजारी शेजारी उभं करून खालून पाहिलं. मुरमुऱ्याचं पोट जमिनीपासून वर, केस कोरडे. झिपऱ्याचे केस फक्त टोकाला ओले, मुळाशी कोरडे. लघवी गळत असती तर ओल मुळापासून खाली उतरली असती. इथे ती खालून वर चढत होती. दिव्यातली वात तेल ओढते तसे त्याचे केस जमिनीवरची लघवी ओढून घेत होते.

म्हणजे जमीन ओली होती. आमच्याकडे खाली रेक्झिन, त्यावर जुन्या सुती साड्यांची गोधडी आणि सगळ्यात वर फ्लीस. फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर, ते स्वतः पाणी धरत नाही. लघवी त्यातून खाली उतरते, गोधडी ती पिऊन घेते आणि वरचा थर कोरडा राहतो, यासाठीच तर आपण सगळे ते वापरतो. माझं फ्लीस मी सुरुवातीलाच गरम पाण्यात, सॉफ्टनर न घालता, पुन्हा पुन्हा धुऊन तयार केलेलं होतं आणि कित्येक महिने ते उत्तम चाललं होतं.

धुऊन वाळवलेलं फ्लीस जमिनीवर पसरलं. गवताच्या रॅकखाली जो भाग येतो तिथे चमचाभर पाणी ओतलं. पाणी आत जाईना. गोल, टपोरा थेंब होऊन वरच बसलं. बोटाने ढकललं तर लवीवरून घरंगळत पुढे गेलं. फारसा न वापरलेल्या कोपऱ्यात तेवढंच पाणी ओतलं, तिथे हळूहळू का होईना, ते उतरलं. हात लावला तर रॅकखालचा भाग कोपऱ्यापेक्षा खरखरीत लागला आणि उजेडात धरल्यावर पांढुरकी झाक दिसली.

इथे रसायनशास्त्र कामी येतं. गिनी पिगची लघवी अल्कधर्मी असते, पीएच साधारण ८ ते ९, आणि शरीरातलं जादा कॅल्शियम ते लघवीवाटेच बाहेर टाकतात. पिंजऱ्याच्या कोरोप्लास्टवर, म्हणजे प्लास्टिकच्या पन्हळी शीटवर, वाळलेली पांढरी भुकटी आपण सगळेच घासतो, ती हीच. त्यात आमच्या सोसायटीत उन्हाळ्यापासून बोअरवेलचं पाणी सुरू आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि कपड्यांचा साबण एकत्र आले की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो कापडाच्या तंतूंवर बसतो आणि पाण्याला आत येऊ देत नाही. दोन्हीकडून कॅल्शियम, आणि रॅकखाली सर्वांत जास्त, कारण पिग जिथे खातात तिथेच मुततात.

उपाय स्वयंपाकघरातला निघाला. बादलीभर कोमट पाण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर, फ्लीस रात्रभर त्यात. मग साबणाची वडी न वापरता थोडं लिक्विड डिटर्जंट घालून गरम पाण्यात धुवायचं आणि साध्या पाण्यात भरपूर खळबळायचं. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. वाळल्यावर पुन्हा तोच चमचा, तीच जागा. पाणी टेकलं आणि क्षणात खाली गेलं! मी मुद्दाम बाजूलाही ओतून बघितलं. सगळीकडे तेच. फ्लीस पिंजऱ्यात घातल्यापासून झिपऱ्याचे केस कोरडे आहेत.

एक सावधगिरी. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी अनेक घरांत धुण्याला वापरतात. फरशीला ते ठीक आहे, पण त्यात क्षार एकवटलेले असतात, फ्लीसला ते लावू नका. पाणी जड आहे का हे बघायला टीडीएस मीटर घ्यायचीही गरज नाही, तो नुसते एकूण क्षार मोजतो. बाटलीत पाणी आणि साबणाचा छोटा तुकडा घालून हलवा. फेस न येता पाणी गढूळ झालं की समजा.

आता गुठळ्या. त्या मी भिजवल्या नाहीत, कारण ओली गुठळी आणखी घट्ट होते. पेट शॉपमधला स्लिकर ब्रश गिनी पिगच्या कातडीला फार टोचतो, मी तो कुणालाच सुचवणार नाही. कटलरीच्या दुकानातली लिखांची धातूची फणी उत्तम. ती गुठळी आणि कातडी यांच्यामध्ये सरकवायची आणि गोल टोकाच्या कात्रीने फणीच्या वरून कापायचं, कारण गुठळीबरोबर कातडीही वर ओढली जाते आणि दिसत नाही. पोटाखाली तर आणखी जपून. स्तनाग्रं नरालाही दोन असतात आणि केसांत सापडत नाहीत. स्कर्ट मी जमिनीपासून बोटभर वर राहील असा गोल कापला. लांब केसांची शोभा थोडी गेली खरी, पण पावसाळा संपेपर्यंत हाच कट राहणार.

त्यानंतर डाग काढण्यापुरता ठरलेला महिन्याचा बट बाथ झाला. टबात तळाशी पंचा अंथरला की पाय घसरत नाहीत आणि पिग निम्मा शांत होतो. वाळवायलाही पंचाच. टर्किश टॉवेलच्या फासांत नखं अडकतात. ड्रायर अगदी मंद, हातभर लांबून, मध्ये स्वतःचा तळहात ठेवून. छोट्या प्राण्यांसाठी म्हणून विकला जाणारा गुलाबाच्या वासाचा शाम्पू मात्र बंद. वास तीव्र, फेस निघता निघत नाही आणि वर दोन बोअरांमधला ओळखीचा वास पुसला जातो. मागे त्यानंतरच मुरमुऱ्या त्याच्याभोवती गुरगुरत, ढुंगण हलवत फिरत होता. या वेळी बिनवासाचा शाम्पू वापरला आणि झिपऱ्याला आधी जुन्या फ्लीसच्या तुकड्यात गुंडाळून मग आत सोडलं. दोघं थेट कोथिंबिरीवर.

बाकी घरची खबर ठीक. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला दोघांची नोंद चालू आहे, घसरण नाही. सिमला मिरची रोज, कारण क जीवनसत्त्व यांच्या शरीरात तयार होत नाही. गवत दमट होऊ लागलं म्हणून पोती कॉटखालून काढून वरच्या फळीवर, तोंड उघडं ठेवून. बुरशीचा जरासा वास आला तरी ती पेंढी टाकून द्यायची.

पुढचा बेत रॅकखाली ट्रे ठेवून त्यात कागदाच्या गोळ्यांचं लिटर घालण्याचा होता. मांजरांचं गुठळी होणारं मातीचं लिटर नको, ते पोटात जाऊन फुगतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, ट्रे थांबू दे. खरी अडचण आता गोधडीची आहे, ती या हवेत वाळत नाही. त्यापेक्षा बाळाच्या जुन्या दुपट्यांचे चौकोनी पॅड शिवून, वर फ्लीसचा तुकडा जोडून फक्त रॅकखाली आणि घरकुलाखाली टाकले तर? रोज तेवढेच बदलायचे, पंख्याखाली वाळतात. आणि शेवटचं खळबळणं बाल्कनीत बादली लावून साठवलेल्या पावसाच्या पाण्यात, ते मऊ असतं, साका बसायचा प्रश्नच येत नाही. शनिवारी शिवायला बसते. टेक्सेल या कुरळ्या केसांच्या जातीचे पिग पाळणारे कुणी असतील तर सांगा, कुरळ्या केसांत ओल अशीच टोकाकडून चढते का? आणि चमच्याची चाचणी आपापल्या फ्लीसवर करून रॅकखाली काय दिसलं ते लिहा, पाणी कुठलं येतं त्यासकट.