सुरतेची जुनी कबरस्तानं गटाने पाहायची तर

सुरतेत कतारगाम दरवाजाजवळ इंग्रज, डच आणि आर्मेनियन व्यापाऱ्यांची जुनी कबरस्तानं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. गट पंधरा जणांपेक्षा मोठा नको. सुरुवात इंग्रजांपासून करा. डचांनी आपली मोठी कबर ऑक्झेंडन बंधूंच्या कबरीशी चुरस म्हणून उभारली असं मानतात. उलट क्रमाने गेलं की ही चुरस कळतच नाही.

शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या पहिल्या स्वारीत, जानेवारी १६६४ मध्ये, इंग्रजांची वखार राखणारा ईस्ट इंडिया कंपनीचा प्रेसिडेंट जॉर्ज ऑक्झेंडन इंग्रजांच्या कबरस्तानातच पुरलेला आहे. १६६८ मध्ये मुंबई कंपनीकडे आली, तेव्हा तिथला गव्हर्नरही तोच झाला. १४ जुलै १६६९ रोजी तो सुरतेत वारला. त्याची कबर म्हणजे जाड खांबांवर एकावर एक दोन घुमट, उंची सुमारे ४० फूट. लांबून मोगल सरदाराचा मकबराच वाटतो. १६५९ मध्ये वारलेला त्याचा भाऊ ख्रिस्तोफरही याच इमारतीत आहे. त्याचा लॅटिन मृत्युलेख चक्क हिशेबाच्या भाषेत आहे: जमाखर्चात वर्षं नाहीत, दिवसच मांडता आले, कारण मृत्यूने अवचित हिशेबाला बोलावलं, मालकांनी चाकर गमावला, आम्ही सोबती आणि त्याने जीव. याचं मराठी भाषांतर छापून प्रत्येकाच्या हाती द्या. घुमटाखाली आवाज घुमून शब्द कळत नाहीत, म्हणून माहिती बाहेरच सांगून मग आत जावं.

झिजलेली अक्षरं वाचायला खडू किंवा पीठ कधीही चोळू नका. ते खाचांत बसतं, ओल धरतं आणि बुरशी वाढवतं. पाणी मारलं की अक्षरं क्षणभर उठून दिसतात खरी, पण ते सुकताना दगडातले क्षार वर येऊन पापुद्रे सुटतात. त्यापेक्षा हातभर लांबीचा आरसा न्या. एकाने बाजूला उभं राहून उन्हाची तिरीप दगडाला जवळजवळ समांतर टाकायची, दुसऱ्याने वाचायचं. सावलीत हेच काम बॅटरीने होतं. फोटोलाही प्रकाश बाजूनेच हवा, समोरच्या फ्लॅशने कोरीव अक्षरं सपाट होतात. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

वाचताना दोन गोष्टी हमखास चुकतात. लॅटिन लेखात ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो. शिवाय १७५२ पर्यंत इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या मृत्यूवर आपल्या हिशेबाने मागचं वर्ष दिसू शकतं.

डचांकडे हेन्ड्रिक व्हान रीडची अष्टकोनी दुमजली कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ याचाच. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांनी त्याला मदत केली. त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रशस्तिपत्र १६७८ च्या पहिल्या खंडात छापलेलं आहे. त्याची प्रत सोबत न्याच. मराठी गट इथे सगळ्यात जास्त रेंगाळतो, तसा वेळ ठेवा. वरच्या मजल्यावर मात्र कुणाला चढू देऊ नका.

आर्मेनियन शिळा जमिनीत आडव्या आहेत. त्या माथ्यावरच्या उन्हात वाचता येत नाहीत, म्हणून डिसेंबर-जानेवारीत दुपारी तीनला निघून पाचच्या सुमारास इथे पोचावं. फाटक किती वाजता बंद होतं ते चौकीदाराला आधीच विचारून ठेवा, आणि गवतात लपलेल्या शिळांवर पाय पडू नये म्हणून सगळ्यांना एका रांगेत चालवा.