उतारावरचा ठोकळा आणि साइन-कॉसचा घोळ

अकरावी विज्ञान शाखेत शिकणारी माझी भाची भौतिकशास्त्राचे गणित अडले की त्याचा फोटो काढून मला पाठवते. सुरुवातीला त्या फोटोत केवळ छापील प्रश्न असे आणि खाली ‘मामा, हे कसं सोडवायचं?’ एवढेच लिहिलेले असे. अशा प्रश्नाला मी उत्तर देत नाही. वहीतले अर्धवट सोडवलेले, खाडाखोड केलेले पान पाठव, असे सांगतो. उत्तर कोणत्याही गाईडमध्ये मिळते, पण ती नेमकी कोठे अडली हे मला त्या पानाखेरीज दुसरीकडे कळत नाही. अशी पाने पाहत गेल्यावर ध्यानात आले की न्यूटनचे नियम तिला बऱ्यापैकी समजले आहेत. अडते ते त्रिकोणमितीशी, आणि तेही दहावीच्याच.

दहावीची त्रिकोणमिती तिला अवघड गेली नव्हती. तेथे दीपगृह असते, त्यावरून दिसणारे जहाज असते, उन्नत कोन किंवा अवनत कोन दिलेला असतो, आणि आकृती काढली की काटकोन त्रिकोण आपोआप तयार होतो. अकरावीच्या भौतिकशास्त्रात मात्र बलाचा एकच बाण असतो. त्याचे दोन घटक कोणत्या दिशांना घ्यायचे आणि दिलेला कोन त्या त्रिकोणात नेमका कोठे बसतो, हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवायचे असते.

तिच्या वहीतले एक उदाहरण घेतो. ३० अंशांच्या गुळगुळीत उतारावर ५ किलोग्रॅमचा ठोकळा ठेवला आहे, त्याचे त्वरण काढा. ठोकळ्याचे वजन ४९ न्यूटन. उताराच्या दिशेचा घटक म्हणून तिने ४९ गुणिले कॉस ३०, म्हणजे सुमारे ४२.४ न्यूटन, असे लिहिले होते. यामागे निष्काळजीपणा नव्हता. त्याआधीच्या प्रक्षेपित वस्तूंच्या प्रकरणात कोन जमिनीपासून मोजलेला असतो, त्यामुळे आडव्या घटकाला कॉस आणि उभ्या घटकाला साइन लागतो. त्यातून ‘आडवा तो कॉस, उभा तो साइन’ असा नियम तिने मनाशी बांधून घेतला होता आणि उताराचा पृष्ठभाग म्हणजे तिच्या लेखी आडवी दिशाच होती. प्रत्यक्षात जो घटक कोनाला लागून असतो त्याला कॉस लागतो आणि जो कोनासमोर असतो त्याला साइन. पृष्ठभाग जमिनीपासून ३० अंश कलला की त्याला लंब असलेली रेषाही उभ्या रेषेपासून तेवढीच कलते. वजन तर सरळ खाली असते, म्हणून ३० अंशांचा कोन वजन आणि तो लंब यांच्यामध्ये येतो. पृष्ठभागाला लंब असलेला घटक कॉसचा झाला, उताराच्या दिशेचा साइनचा, म्हणजे २४.५ न्यूटन, आणि त्वरण ४.९ मीटर प्रति सेकंद वर्ग.

हे सगळे मी तिला आधी सांगितले नाही. उतार हळूहळू कमी करत शून्य अंशांवर आणला तर तुझ्या सूत्रातून काय मिळेल, एवढेच विचारले. कॉस शून्य म्हणजे १, तेव्हा तिच्या सूत्राप्रमाणे सपाट टेबलावरचा ठोकळा पूर्ण वजनाइतक्या बलाने बाजूला सरकायला हवा होता. पुढचे तिने स्वतःच दुरुस्त केले. टोकाचे कोन घालून पाहण्याची ही पद्धत क्लासमध्ये फारशी शिकवली जात नाही, आणि त्याचा दोष मी क्लासला पूर्णपणे देत नाही. राज्याच्या सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटे असतात. तेथे पाठ केलेली युक्तीच कामी येते.

बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल वापरावे लागते. घरी मात्र मुले फोनवरचा कॅल्क्युलेटरच उघडतात. तो अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककावर, असेल तर साइन ३० चे उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येते, आणि उणे चिन्ह दिसूनही ते वहीत उतरवले जाते. त्यासाठी साइन ३० आधी काढून पाहावा, मगच पुढे जावे.

सध्या ती घर्षणापर्यंत पोहोचली आहे. ठोकळा ज्या कोनाला घसरू लागतो त्या कोनाचा टॅन म्हणजे स्थितिक घर्षणाचा गुणांक (सरकण्याआधी पृष्ठभाग वस्तूला किती धरून ठेवतो ते सांगणारा आकडा), कारण वजन समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी कटून जाते. हे तिला पटत नव्हते. जड वस्तू आधी घसरेल असे तिचे म्हणणे होते. मी तिला लाकडी पाटावर कंपास पेटी ठेवून पाट एका बाजूने सावकाश उचलायला सांगितले आहे. पेटी सरकली की उचललेल्या कडेची जमिनीपासूनची उंची आणि त्या कडेच्या बरोबर खालच्या बिंदूपासून जमिनीला टेकलेल्या कडेपर्यंतचे आडवे अंतर पट्टीने मोजायचे: उंची १६ आणि अंतर ४० सेंटिमीटर भरले तर गुणांक ०.४, कोन साधारण २२ अंश, आणि गुणांकासाठी लॉग टेबलाचीही गरज नाही. मग पेटीत नाणी भरून तेच पुन्हा करायचे. आकडे ती रविवारी पाठवणार आहे.