पीएमटीची तिकिटं : वही तिसऱ्यांदा लावताना

या महिन्यात पुण्याच्या जुन्या बस तिकिटांचा सगळा संग्रह पुन्हा उसकटला. आजवर तिकिटं रंगावर लावली होती, गुलाबी एका पानावर, हिरवी दुसऱ्यावर. पान उघडलं की छान वाटायचं, पण पुण्याच्या बसचा इतिहास त्यातून उलगडत नव्हता. माझ्याकडच्या पंच मारलेल्या तिकिटांवर तारीखच नाही. किंमत, टप्प्यांचे आकडे, क्रमांक आणि वर संस्थेचं नाव, एवढंच हाताशी. म्हणून आता नावावर लावतोय.

पहिलं पान सिल्व्हर ज्युबिली मोटर्सचं. १९४० च्या दशकात शहरात बस चालवली ती या खासगी कंपनीने. पान कोरं आहे, तरी मधल्यामध्ये गाळणार नाही; सुरुवात तिथूनच आहे. १९५० साली पुणे महानगरपालिका झाली, तिच्याकडे बससेवा आली आणि पीएमटी (पुणे म्युनिसिपल ट्रान्सपोर्ट) हे नाव पुणेकरांच्या तोंडी बसलं. इतकं बसलं, की आजही अनेकजण ‘पीएमटीने आलो’ असंच म्हणतात. माझी निम्म्याहून जास्त तिकिटं याच विभागात गेली.

अडलो ते पीसीएमटीपाशी. पिंपरी-चिंचवडची ही बससेवा १९७४ सालची आणि तिथली महापालिका १९८२ ची. म्हणजे बस आधी, महापालिका नंतर! पीसीएमटीचं तिकीट दिसलं की ते महापालिकेच्या काळातलंच, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. तेरा तिकिटं त्यामुळे पुन्हा बाहेर काढली आहेत. त्यांची घाई करणार नाही.

शेवटचा विभाग १९ ऑक्टोबर २००७ पासूनचा. त्या दिवशी दोन्ही सेवा एक होऊन पीएमपीएमएल झाली. पीएमटी महापालिकेची होती. पीएमपीएमएल मात्र दोन महापालिकांच्या मालकीची कंपनी. खासगी कंपनीपासून महापालिकेकडे आणि तिथून पुन्हा कंपनीकडे, असा हा प्रवास आता पानं उलटताना सरळ दिसतो. रंगावर लावलं असतं तर कधीच दिसला नसता.

जपणुकीचं एक सांगतो. जुन्या वहीत मी चिकटपट्टी वापरली होती. ती पिवळी पडली आणि काढताना दोन तिकिटांचा वरचा पापुद्रा सोलला गेला, नेमका नावाचा भाग. पाण्यात भिजवून बघितलं तर शाई पसरली. आता गोंद नाही, चिकटपट्टी नाही. फक्त फोटोचे कोपरे आणि मध्ये बटर पेपर.

परवा एका रद्दीतल्या पुस्तकात खुणेला ठेवलेलं पीएमटीचं तिकीट मिळालं. बोटभर रुंदीचं, कडेला पिनेच्या गंजाचा ठिपका. पंचाचं भोक अगदी गोल आणि मागच्या बाजूला त्याचा उंचवटा अजून बोटाला लागतो. ते दाबून सपाट करायचं नाही असं ठरवलंय. दुसऱ्या विभागाच्या पहिल्या पानावर ते एकटंच लावलं.