प्रोजेक्ट फाइलमध्ये गाणं नसतं

रीपर या गाणी रेकॉर्ड-मिक्स करायच्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघा. टेम्पो, ट्रॅकची नावं, फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) कुठवर आहे आणि ढीगभर ऑडिओ फाइलींचे पत्ते. सगळा साधा मजकूर. आवाज एका सेकंदाचाही नाही. तरी 'गाणं पाठवलंय, ऐक' म्हणत तेवढीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणारे महाभाग भेटतात. इकडे उघडली की निम्मे ट्रॅक मुके, कारण ढोलकीचा लूप त्यांच्या डाउनलोड्समध्ये, तानपुरा पेनड्राइव्हवर आणि पेनड्राइव्ह भावाकडे.

मी सांगलीत हौशी नाटकांना, एकांकिकांना संगीत देतो. बासरीवाला मित्र रत्नागिरीत, गाणारी पुण्यात. क्लाउडशिवाय आमचं पान हलत नाही. पण काहीही वर चढवण्याआधी 'सेव्ह अ‍ॅज' करून सगळा मीडिया प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये कॉपी करायचा पर्याय निवडतो. एबलटन या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यालाच 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' म्हणतात. मग तो फोल्डर उचलून कुठेही न्या.

आता आकाराचा हिशोब. 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिटचा मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडा वर जातो. 5 मिनिटांच्या गाण्याचे असे 24 ट्रॅक म्हणजे जवळपास 1 जीबी. अपलोडचा वेग 10 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, मेगाबाइट नव्हे) असेल तर पाव तास तरी धरा, मध्ये लाइट गेली नाही तर. ड्रॉपबॉक्सची फुकटची जागा 2 जीबी, गूगलची 15, आणि त्या 15 मध्ये जीमेल आणि लग्नातले फोटोही आलेच.

सिंक म्हणजे बॅकअप, हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. सामायिक फोल्डरमधले 'नको ते टेक' (एकेका वेळचं रेकॉर्डिंग) बासरीवाल्याने आवरले की माझ्याकडूनही ते गायब होणार. सिंकचं कामच ते! गूगल ड्राइव्हचा ट्रॅशही 30 दिवसांनी रिकामा होतो. म्हणून माझं काम चालतं लॅपटॉपच्या एसएसडीवर, सिंक होणाऱ्या फोल्डरच्या बाहेर. रेकॉर्डिंग चालू असताना फुगत जाणारी फाइल वर ढकलायला सिंकचा प्रोग्रॅम शेजारी धडपडत असावा, हे मला नको. रात्री आरक्लोन या क्लाउडवर फाइली चढवायच्या प्रोग्रॅमची 'कॉपी' आज्ञा चालवतो. 'सिंक' नाही. 'कॉपी' क्लाउडवरचं काही पुसत नाही, 'सिंक' पुसते.

प्रोजेक्ट फाइल फक्त मीच उघडतो. दोघांनी एकाच वेळी उघडून सेव्ह केली की 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' जन्माला येते आणि कुठली खरी ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. मित्राला मी क्लिकसकट (तालाच्या टिकटिकीसकट) एमपी3 पाठवतो. तो वाजवतो आणि पहिल्या मात्रेपासून सुरू होणारी वेव्ह फाइल परत टाकतो. बासरी अंतऱ्यात येत असली तरी फाइल शून्यापासूनच. मग ती नुसती ट्रॅकवर ठेवायची, सरकवत बसायचं नाही. फाइलच्या नावात टेक क्रमांक आणि पट्टी.

नाटक उभं राहिलं की प्रत्येक ट्रॅक इफेक्टसह आणि इफेक्टशिवाय असा दोनदा रेंडर करतो, म्हणजे त्याची पक्की वेव्ह फाइल काढतो. कंटाळवाणं काम आहे, पण प्लगइनचा (इफेक्ट आणि वाद्यांचे आवाज देणारे जोड-प्रोग्रॅम) भरवसा नाही. 2019 मध्ये मॅकओएस कॅटलिनाने 32 बिटचे प्रोग्रॅम चालवणं बंद केलं आणि कित्येक जुने प्लगइन एका अपडेटमध्ये गेले. प्रोजेक्ट शाबूत असून उपयोग काय, त्यातली सतारच वाजणार नसेल तर? वेव्ह मात्र कुठेही वाजते. सोबत एक टेक्स्ट फाइल: पट्टी काळी 2, टेम्पो, तानपुऱ्याची स्वरजुळणी, कुठला माइक.

आणि वर ठेवलेलं कायम राहतं असंही नाही. मायस्पेस या जुन्या सोशल साइटवर लोकांनी 2015 पर्यंत चढवलेली गाणी सर्व्हर हलवताना गेली, हे 2019 मध्ये जगजाहीर झालं. ज्यांच्याकडे घरी प्रत नव्हती त्यांनी काय करायचं? म्हणून एक हार्डडिस्क माझ्या टेबलावर, दुसरी मिरजेला मेव्हण्याकडे.

सध्या जुन्या नाटकांचे ट्रॅक फ्लॅकमध्ये (काही न गमावता ऑडिओ दाबणारा फाइल प्रकार) करतोय. दर्जा तसाच राहतो आणि जागा बरीच वाचते. बासरीच्या ट्रॅकमध्ये निम्मी शांतताच असते, ती तर दाबून जवळपास शून्य होते. रीपर फ्लॅक थेट उघडतो. फक्त मूळ वेव्ह पुसण्याआधी फ्लॅकचा फोल्डर बायकोच्या लॅपटॉपवर उतरवून, उघडून, शेवटपर्यंत ऐकतो. ती म्हणते, हेडफोन लाव.