चौक नसलेल्या शहरात आई

"इथे चौक कुठे आहे गं?" ब्राझीलियात उतरून दोन तासही झाले नव्हते, तेवढ्यात आईने विचारलं.

आम्ही साओ पाउलोला राहतो. आई तीन महिन्यांसाठी आलीय, तेव्हा जानेवारीत लेकीची सुट्टी संपायच्या आत चौघांनी देशाची राजधानी बघून यायची ठरवलं. आई तीस वर्षं नेरूळला आहे, त्यामुळे सेक्टर-प्लॉटचे पत्ते तिला पाठ. पण नेरूळच्या सेक्टरलाही नाका असतो, नाक्यावर वडापाव असतो. इथे बघावं तिकडे हिरवळ, आणि वळणं घेत सुसाट जाणाऱ्या गाड्या.

चौक इथे मुद्दामच ठेवलेले नाहीत. नव्या राजधानीच्या आखणीसाठी झालेल्या १९५७ च्या स्पर्धेत नगररचनाकार लुसिओ कोस्ता यांचा आराखडा निवडला गेला. एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा, बस. पुढे त्यातली एक वाकवली आणि शहराला विमानाचा आकार आला. मोठे रस्ते एकमेकांच्या वरून-खालून जातात, म्हणजे गाडीला थांबायचं कारणच नको. राष्ट्राध्यक्ष कुबिचेक यांनी उघड्या माळावर काम सुरू करून २१ एप्रिल १९६० ला राजधानीचं उद्घाटनसुद्धा उरकलं. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "आमच्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची फाइल याच्यापेक्षा जास्त वर्षं फिरतेय."

वास्तुविशारद ऑस्कर निमायर यांच्या इमारती बघितल्या. संसदेचे जुळे मनोरे, सोळा वाकलेल्या खांबांचं कॅथेड्रल. कॅथेड्रलमध्ये काळोख्या बोगद्यातून उतरायचं आणि एकदम निळ्या-हिरव्या काचांच्या उजेडात यायचं. आतल्या गोल भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की पलीकडच्या टोकाला ऐकू जातं. लेकीने आणि तिच्या बाबाने तिथे अर्धा तास घालवला. आई एका बाकावर बसून म्हणाली, "सुंदर आहे. पण ऊन किती गं, आणि झाड नाही एक." ते खरंच आहे. त्या भव्य पटांगणातून चालायचं म्हणजे शिक्षा आहे.

झाडं सगळी क्वाद्रांमध्ये. क्वाद्रा म्हणजे आपल्याकडची कॉलनी समजा: सहा मजल्यांच्या इमारती, तळमजला नुसता खांबांवर मोकळा, कुंपण नाही, कुणीही खालून आरपार चालत जावं. ३०८ दक्षिण ही त्यातली नमुन्याची क्वाद्रा, म्हणून बघायला गेलो, आणि आई जागच्या जागी थांबली. समोर फणस! बुंध्याला लगडलेले, आणि खाली तांबडी माती. पोर्तुगीजांनी फणस आणि आंबा भारतातून इकडे आणले आणि इथला काजू आपल्याकडे नेला, हे मला वाचून माहीत होतं. आईला ते झाड बघून पटलं. इमारतीच्या वॉचमनला तिने लेकीकरवी विचारलं, "बरका की कापा?" लेकीला हे शब्दच ठाऊक नव्हते, पण आईने हाताने मऊ आणि कडक असं करून दाखवल्यावर तो हसला. "जाका मोली," म्हणाला. म्हणजे मऊ फणस, आपला बरकाच! कडक गऱ्याच्या फणसाला इथे 'जाका दुरा' म्हणतात. दोन समुद्र ओलांडूनही वर्गवारी तीच.

तिथून निघताना दुसरी गंमत झाली. झेब्रा क्रॉसिंगवर आई सवयीने कडेला खोळंबली. लेक म्हणाली, "आजी, हात पुढे कर." १९९७ च्या मोहिमेपासून इथे ही पद्धतच पडलीय. पादचाऱ्याने हात दाखवायचा आणि गाड्यांनी थांबायचं. आईने शाळेतल्यासारखा हात वर केला. तीन गाड्या आणि एक बस थांबली. पलीकडे पोचल्यावर ती काहीतरी विसरल्यासारखं करून परत अलीकडे आली. मग पुन्हा पलीकडे. जावईबापू फोटो काढत होते.

तरी चौकाचा प्रश्न राहिलाच होता. शेवटच्या संध्याकाळी रोदोव्हियारियाला, म्हणजे एसटी स्टँडला गेलो. कोस्तांच्या त्या दोन रेघा जिथे छेदतात, बरोबर तिथेच हा स्टँड बांधलाय. पाऊस नुकताच पडून गेला होता. फोनची कव्हरं, छत्र्या, उकडलेली कणसं विकणारे, धक्के मारत धावणारी माणसं. लेक बसच्या पाट्या वाचत होती: तागुआतिंगा, सेइलांदिया. शहर बांधायला आलेल्या मजुरांना त्या सुबक क्वाद्रांमध्ये जागा नव्हतीच. त्यांच्या झोपड्या उठवून १९७१ मध्ये सुमारे २५ किलोमीटरवर सेइलांदिया वसवलं, आणि त्यातलं 'सेइ' हे त्या अतिक्रमण हटाव मोहिमेच्या नावातली आद्याक्षरं आहेत. इतकं उघड नाव कुणी गावाला ठेवतं का? आईला हे सांगितलं. ती गप्प राहून त्या बसच्या रांगेकडे बघत राहिली. "म्हणजे तो फणसवाला वॉचमन यातलीच बस पकडत असेल," एवढंच म्हणाली.

कोपऱ्यावरच्या टपरीत पास्तेल तळत होते, आपल्या करंजीची थोरली चपटी बहीण. चीजची चार घेतली. शेजारी चरकातून उसाचा रस निघत होता, सगळे उभ्यानेच खात-पीत होते. आईने एक घोट घेतला.

"आलं नाही घालत वाटतं."

"नाही."

"असू दे. सापडला बघ तुझ्या या शहराचा चौक," म्हणत तिने ग्लास रिकामा केला आणि लेकीला म्हणाली, "त्याला सांग, अजून एक. बर्फ कमी."